सगळेच रेणू कामाला निघाले

ती. मावशीस नमस्कार. तुझे गुडघे आणि ताईचं बाळ, दोघंही फारशी कुरकुर न करता असतील अशी आशा. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

प्रयोगशाळेत तुझ्या अहोंच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, हाताखाली मी दिवसभर करते काय, असं तू मागे विचारलं होतंस. जिवंत पेशीतल्या रेणूंना चमकता रंग लावून त्यांच्या वाटा टिपते आणि गणिताने त्यांचे स्वभाव ठरवते. चौपट वेळ देऊनही जो दुप्पटच लांब पोचतो तो भटक्या (आपला दादा). कितीही वेळ दिला तरी तिथेच घुटमळतो तो कोंडलेला (बाबा, निवृत्त झाल्यापासून). चौपट वेळात चौपट अंतर कापतो तो कामाला निघालेला (तू, शेजारी भांडण लागलं की). एकट्यादुकट्या वाटेवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून हजारो वाटा संगणकाला द्यायच्या आणि कोणता स्वभाव कितपत शक्य ते विचारायचं.

तर गेल्या आठवड्यात संगणकाने झाडून सगळे रेणू कामाला लावले. एकाच दिशेला, खिडकीकडे. एरवी माझ्या आलेखांना नाकं मुरडणारे काका इतके हरखले की त्यांनी मला स्वतः चहा करून दिला (साखर विसरले, पण भावना पोचली). शुक्रवारी पाहुण्या शास्त्रज्ञांपुढे हा शोध मांडायचं जाहीर केलं, वर माझं नाव पहिलं घालणार म्हणाले. माझे पाय जमिनीवर नव्हते.

काल सहज म्हणून काचेवर वाळून चिकटलेल्या रंगाच्या ठिपक्याची वाट संगणकाला दिली. ठिपका सुकलेला, जागचा हलणं शक्य नाही. तर तोही कामाला निघालेला, त्याच वेगाने, खिडकीकडे! वाकून पाहिलं, तर सूक्ष्मदर्शकाच्या बैठकीचा स्क्रू ढिला. रेणू बिचारे आपापले भटकत होते आणि त्यांच्यासकट अख्खी काच घसरत होती. मावशी, मला अगदी रडू आलं. काकांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

बाकी सर्व ठीक.

तुझी भाची

ता. क. काकांना हे तूच सांगशील का? रात्री त्यांचा रोजचा फोन आला की आधी जेवले का ते विचार.

आणखी एक ता. क. पाकीट मागायला काकांच्या खोलीत गेले, तर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तो स्क्रू ढिला आहे, मला परवाच कळलं. तुला सांगायचं धाडस होईना, म्हणून तुझ्या मावशीला सांगायला लावणार होतो." तेव्हा तेवढं काम तुझं वाचलं. आता पाहुण्यांना कोणी सांगायचं यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालंय. शुक्रवारी सकाळच्या गाडीने ये.