आजचं नाव

२४ नोव्हेंबर

झाले! मंत्री झाले! राज्यमंत्री, शालेय शिक्षण. मघापासून तीनदा लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही. कालपर्यंत पनवेलच्या ऑफिसात तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी ऐकत होते – आणि आज राजभवनात, माइकसमोर. "मी, सुनीता धनेश नाखवा, ईश्वरसाक्ष शपथ घेते की –" इथे आवाज चिरकला. टीव्हीवाले म्हणाले, मॅडम भावुक झाल्या. कसल्या भावुक! घशाला कोरड पडली होती.

आईला फोन केला. सत्तरी उलटली तरी गुणाबाई उरणच्या बाजारात सुकी मच्छी घेऊन बसते. आज तरी बाजारातून लवकर ऊठ म्हटलं, ऐकेल तर शपथ. तिच्या बाजूला बसणारी बाई म्हणे बाजारभर पेढे वाटत फिरली. आईच्याही आधी! कितीदा पाहिलंय तिला, दर निवडणुकीला ओवाळते, आणि नाव विचारायचं राहूनच गेलंय.

२६ नोव्हेंबर

केबिन मिळाली. खुर्ची गोल फिरते. दार लावून दोनदा फिरून घेतलं.

शैलेश – माझा खासगी सचिव – पहिली मोठी फाइल घेऊन आला. ज्या शाळांचा पट वीस किंवा त्याहून कमी, त्या बंद करायच्या, मुलं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची. बारा तारखेच्या आत सही हवी. "ही सुरळीत गेली, तर पुढच्या विस्तारात मोठं खातं नक्की, मॅडम." माझे कान टवकारले. खोटं कशाला लिहू? मला मोठं खातं हवंय!

३ डिसेंबर

वाढदिवस. खांदा कॉलनीपासून कळंबोलीपर्यंत बॅनर! एकावर माझं नाक कुणा दुसरीचंच वाटतंय. धनेश म्हणाला, बरंय, मूळपेक्षा सरळ आलंय. दिवसभर बोलले नाही त्याच्याशी.

आईने नेहमीचं तुणतुणं लावलं – तू शिमग्याला झालीस, थंडीत कसला वाढदिवस. मी म्हटलं, शाळेच्या दाखल्यावर असते ती खरी तारीख. मंत्र्याला एवढं तर कळतं.

सत्कारात माझी ठेवणीतली गोष्ट सांगितली. सहा वर्षांची मी, खळ्यात बोंबील वाळत घालत होते. कुमुदबाई आल्या, हात धरून शाळेत घेऊन गेल्या. घरचं नाव वेणू. बाईंनी सुनीता ठेवलं. "त्या दिवशी मला नाव मिळालं!" – इथे टाळ्या पडतातच. आजही पडल्या. दोन बायका रडल्या.

४ डिसेंबर

हार घालून घालून मानेवर पुरळ. पण काय मजा!

८ डिसेंबर

शाळाभेट. तळोज्याच्या कारखान्यांमागची वाडी, दोन खोल्यांची शाळा. पट एकवीस. म्हणजे एका मुलाने वाचलेली! जीवन सर एकटेच शिकवतात. सदरा घामाने ओला, डिसेंबरात.

मला हजेरी घ्यायची लहर आली. पत्रकार होते, फोटोही छान येणार होता. एकेक नाव, एकेक "हजर". आवाज काय खणखणीत! "किशोरी" म्हटलं आणि शांतता. सरांनी दुसऱ्या ओळीकडे बघितलं. एक पोर उठली, "हजर" म्हणाली, आणि ओशाळून बसली. युनिफॉर्म दोन मापं मोठा, पायांना वीटभट्टीची लाल माती. जवळ जाऊन हळूच विचारलं, नाव काय गं तुझं?

"घरचा सांगू का आजचा?"

मला हसूच फुटलं. सर मात्र पांढरेफटक. बाजूला घेऊन विचारलं तर कबूल झाले. चार मुलं पलीकडच्या भट्टीवरून आजच्यापुरती आणलेली. किशोरीचे आईबाप कामाला दुसरीकडे गेले, ती दोन महिने नाही. तिच्या जागी ही, दीपिका. "शाळा बंद होईल, मॅडम. उरलेली सतरा कुठे चालत जातील? मधे हायवे आहे."

मी म्हटलं, चौघांनाही उद्यापासून स्वतःच्या नावाने बसवा. किशोरीचं नाव खोडू नका. मोठा तीर मारल्यासारखी गाडीत येऊन बसले.

आणि गाडीत आठवलं. खळ्यावरून जाताना बाई म्हणाल्या होत्या – *आज* तुझं नाव सुनीता. नाव पुकारलं की हजर म्हण.

इतकी वर्षं भाषणात तो एक शब्द मी गाळतेय.

९ डिसेंबर

रोडपालीला गेले. कुमुदबाई मुलाकडे असतात. गाडीबरोबर पोलीस बघून हरखल्या, शेजाऱ्यांना बोलावू लागल्या. मी म्हटलं, नंतर. आधी सांगा, सुनीता कोण होती?

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग सांगितलं. साहेब तपासणीला येणार होते, पट कमी पडत होता. सुनीताचे आईबाप मिठागरावर गेलेले, तीही त्यांच्याबरोबर. मला एका दिवसापुरतं आणलं. "पण दुसऱ्या दिवशी तूच पाटी घेऊन दारात. शाळेत खायला सुकडी मिळते हे कळलं होतं तुला! कशी हाकलणार?" मग हजेरीत तिच्या बापाचं नाव खोडून माझ्या बापाचं लिहिलं. नाव तेच राहिलं, जन्मतारीखही.

म्हणजे आई खरं बोलत होती. मी शिमग्याचीच.

"आणि ती?" मी विचारलं.

"पावसाआधी मिठागरावरून परत आली होती गं. मी घाबरले. एका नावावर दोन मुली कशा दाखवू? म्हटलं, पुढच्या वर्षी ये." बाईंनी चष्मा काढला. "नाही आली."

मला बाईंवर रागावता आलं नाही. मी वर्गात बसलेली असणार तेव्हा. आठवत काहीच नाही.

१० डिसेंबर

कुणी "सुनीतामॅडम" म्हटलं की मागे वळून बघते.

१२ डिसेंबर

सही केली नाही. फाइलवर शेरा मारला – आधी हजेरीत नसलेली मुलं मोजा, मग शाळांचं बोलू. शैलेश म्हणाला, मोठं खातं आता विसरा. बरं, म्हटलं.

संध्याकाळी आईकडे गेले. विचारलं, गावात माझ्या वयाची एक सुनीता होती, ती कुठे असेल? आहे तरी का? आई बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमची सुनी? माजे बाजूला बसते ती. पेढे तिनीच वाटलं. तुजी शपथ टीवीवर लागली तवा बोलली – गुणाबाय, आज माजा नाव मंत्री झाला."