मधला चेंडू

ती. मोठ्या जाऊबाईंना,

धाकटीचा वाकून नमस्कार. (अजून वाकता येतं, हे आधी कळवते. उठायला मात्र भिंत लागते.) तुमचा गुडघा कसा आहे? लेक जिना चढू देत नाही असं कळलं. तिचं ऐका, म्हणजे थोडंसं ऐका.

इकडे सगळं ठीक. तुमचे धाकटे दीर क्लबात येतात ते अजूनही फक्त गरम पाण्याने अंघोळ करायला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता तो दोघा भावांना, आणि भरलेली फी वाया जाऊ नये म्हणून पन्नाशी उलटल्यावर रॅकेटबॉलच्या त्या चार भिंतींच्या कोर्टात उतरलो आपण दोघी. तेव्हापासून एकही स्पर्धा चुकवली नाही. कपाटावर करंडकांना जागा उरलेली नाही (निम्मे समोरच्या जोडीतलं कोणी आजारी पडल्यामुळे मिळाले, पण करंडकावर तसं लिहीत नाहीत).

तुम्ही लेकीकडे गेल्यापासून मी दातांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर खेळते. चपळ आहेत, हात जोरकस आहे, स्वभावही गोड. परवा अंतिम सामना होता. छान चाललं होतं, आणि चेंडू समोरच्या भिंतीवर आपटून नेमका आमच्या दोघींच्या मधून आला. आपल्या घरात थोरलीचा मान पहिला, म्हणून मधला चेंडू कायम तुमचा. मी सवयीने बाजूला सरले. डॉक्टरीणबाईही माझ्या वयाचा मान राखून बाजूला सरल्या. चेंडू टप्पे घेत मागच्या काचेपर्यंत गेला आणि आम्ही दोघी पाहुण्याला वाट दिल्यासारख्या उभ्या. पुढच्या वेळी तेच. समोरच्या बायांच्या हे लक्षात आलं, मग त्यांनी दुसरीकडे चेंडू मारलाच नाही. हरलो. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, सारखं मागे वळून कुणाला बघत होता?" मी म्हटलं, मान अवघडली आहे.

खरं सांगू का, करमत नाही. तुम्ही मागून "सोड गं, माझा आहे" म्हणून ओरडायचात तेव्हा मला राग यायचा. आता कुणी ओरडत नाही, आणि खेळ संपला की मी मुकाट्याने घरी येते.

लेकीला आशीर्वाद. प्रकृतीला जपा.

तुमची,
धाकटी

ता. क. यंदा माझी सत्तर पूर्ण झाली, आणि पुढच्या स्पर्धेत सत्तरीपुढच्या जोड्यांचा गट निघाला आहे. आपल्या दोघींची नावं देऊन आले आहे. रागावू नका. अजून दुसरी जोडी नाही, तेव्हा करंडकासाठी पळावं लागेलच असं नाही.

आणखी एक. करंडकाचं मी उगीच लिहिलं. दुसरी जोडी आली तर हरू. नाही आली, तर कोर्टाचं दार आतून लावून घेऊ आणि आपली वेळ संपेपर्यंत बोलत बसू. मला तेवढंच हवं आहे.