घर आमचं, खालचा कोळसा त्यांचा

ओळीतल्या बावीस घरांच्या शेजाऱ्यांनो, कंपनीने आपल्याला घरं विकली, घरांखालचा कोळसा विकला नाही. खरेदीखताच्या शेवटच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. आनंदाच्या भरात एकानेही ते पान उलटलं नाही. म्हणून मी, सातव्या घरातला निवृत्त खाण-मुकादम, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहितो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे आजच वाचायचं. नंतर वाचायला कोण उरेल, याची मला खात्री नाही.

घर थोरल्या लेकीला. माझ्या आजोबांनी या ओळीच्या विटा वाहिल्या. विटा वाचाव्यात म्हणून कंपनीने दोन घरांत एकच भिंत ठेवली. शेजारी शिंकला की माझी बायको इकडून ओरडायची, "काढा घ्या हो!" ती भिंत तिची मैत्रीण होती. पण त्या भिंतींमुळेच एक घर बसलं की बावीसही बसतील.

ठोकायची काठी जावयाला. खाणीत छत काठीने ठोकतात. खणखणीत वाजलं तर काम, पोकळ वाजलं तर पळ. गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातली फरशी ठोकली. पोकळ वाजली. शेजारच्या भिंतीलाही भेग पडली होती. जावई हसला, "मामा, भिंत म्हातारी झाली, सुरकुत्या पडणारच!" त्याने भेग सिमेंटने बुजवली. तीन दिवसांत ती पुन्हा उघडली. आता तिच्यात माझी करंगळी जाते.

कंपनीच्या नकाशेवाल्या साहेबाला काहीही नाही. खाणीत ओळीला तोलून धरणारे कोळशाचे खांब त्याने माझ्या टोळीला काढायला लावले. म्हणाला, "वर मोकळं माळरान आहे." मी पावलं मोजत होतो. आपण माझ्याच चुलीखाली आहोत, हे मला कळलं होतं. सभा गाजवणारा मी तिथे गप्प बसलो. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. ही भीती कुणाच्या नावे करता येत नाही.

स्थळ: सातवं घर, पुढची खोली. मंगळवार, ३ फेब्रुवारी, सकाळ.
सही: मुकादम.
साक्षीदार: भिंतीपलीकडची शिंपीण, खाणीत दिवे वाटणारा माझा साडू.

सही करताना शिंपिणीने विचारलं, "भाऊ, खरंच जायचं? मशीन कसं नेऊ?"

मशीन राहू दे, ताई. पोरं उचला, अंथरुणावरची म्हातारी माणसं उचला आणि बावीसही घरं आत्ता, एकदम, शाळेच्या मैदानावर चला.