वंदनेचा पेनड्राइव्ह

४ मे, अकोला
विहारातल्या स्पीकरवर आज वंदनेआधी लग्नाचं गाणं वाजलं. एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही. स्पीकर सांभाळणारे रामरावकाका हैराण — "आचल, नंबर टाकून देल्ले ना मी! तरी त्याचंच खरं!"

फाइलच्या नावापुढचे नंबर कामाचे नाहीत. हा स्पीकर नाव बघतच नाही. फाइल्स ज्या क्रमाने भरल्या, त्या क्रमाने वाजवतो. लॅपटॉपवर `ls -U` ने तो क्रम पाहिला. आधी `umount` करून पेनड्राइव्ह सोडवला, मग `fatsort` ने फाइल्स नंबरांप्रमाणे नव्याने लावल्या. वंदना वर आली.

"एवढंच?" — काका.
एवढंच.

वंदनेतला आवाज कौशल्याआत्याचा. गळ्याच्या ऑपरेशनआधीचा. डॉक्टर म्हणतात, आवाज येईल, बोलत जा. आत्या कुजबुजते — "मी कायले बोलू? पेनड्राइव्ह बोलते ना."

५ मे, अमरावती
ऑफिस. विशेष काही नाही.

७ मे
काकांचा फोन. "क्रम एक नंबर झाला बेटा. पण थो थांबत नाही वं! लेकरं अजून 'बुद्धं सरणं'वर, अन् पेनड्राइव्ह 'धम्मं'वर पोचते. पयले तुही आत्या मागं पाहे, सगळ्यायचं झालं की मंग पुढचं म्हणे. मधात जागा ठेवून दे थोडी."

मध्ये शांतता भरता येईल. किती, हे दर वेळी बदलणार.

११ मे, अकोला
उद्या पौर्णिमा. आत्याला म्हटलं, तूच म्हण.
"लोक हासतीन."
"नाही हसणार."
"तुले काय समजते! तू मशीनवाली."

वाद घातला नाही. वंदनेची प्रत लॅपटॉपवर घेतली, मूळ फाइलशी जुळवून पाहिली. मग पेनड्राइव्हवर `rm` — वंदना, लग्नाचं गाणं, सगळं पुसलं. `sync`. `ls` — रिकामं. `umount`. पेनड्राइव्ह आत्याच्या हातात दिला.
"झालं?"
"झालं."

१२ मे
काकांनी दोनदा लावून पाहिला. काही नाही. विहार भरलेला. काका माझ्याकडे बघत होते, मी सतरंजीकडे.

मग आत्या उठली. आवाज फाटका, शेवटी तुटणारा. एक ओळ म्हणाली, मागे वळून पाहिलं. सगळ्यांचं होईपर्यंत थांबली. पुढची म्हणाली. कोणी हसलं नाही.

घरापर्यंत मला बोलत आली — "चारचौघात इज्जत काढतं का वं माही? थांब, सांगतो तुह्या बापाले!" मोठ्यानं! शेजारच्या बाया दारात आल्या.

१३ मे, अमरावती
आत्याचा व्हॉइस मेसेज. "लॅपटॉपात ठेवली असशीन तू, मले माहीत हाय. ते बी काढून टाक. आता मी हावो."

`rm` टाइप केलं. फाइलचं नावही.
मग एंटर न दाबता ती ओळच पुसली.