दुखानची जुनी लाइन

सर, तुम्ही टाकलेली दुखानची केबलची लाइन आज आम्ही काढली. तेलविहिरींवरचे सगळे कंट्रोलर आता फायबरवर गेलेत. सकाळभर नवी आणि जुनी दोन्ही चालू ठेवली होती. कंट्रोल रूमच्या पडद्यावर आकडे शेजारी शेजारी येत होते, आणि तुमच्या लाइनच्या बाजूला एकदाही खंड पडला नाही. शेवटी मॅनेजर म्हणाला, "खलास, निकाल दो." मी पॅनेल उघडून दोन स्क्रू सैल केले, तारा हातात आल्या. पडद्याची अर्धी बाजू रिकामी झाली. कुणी मान वर करून बघितलंही नाही.

याच पॅनेलपुढे तुम्ही मला पहिल्यांदा बोलला होतात. मी लातूरहून नवा आलेलो, केबल वाचावी म्हणून मधल्याच कंट्रोलरपासून एक फाटा काढलेला. तुम्ही बराच वेळ नुसते बघत राहता. मग विचारता, "हे कुणी शिकवलं?" केबलवर बोट फिरवत सांगता, "एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. मध्ये फाटे नाहीत. फाट्याच्या टोकाला सिग्नल आपटून माघारी येतो, मग कोण काय बोलतंय कुणालाच कळत नाही." सगळं उपसायला लावलंत, भर उन्हात. परतताना गाडी दोह्यात शिरल्यावर म्हणालात, "शुक्रवारी जेवायला ये. काकू वाट बघतील."

अल सद्द भागातल्या तुमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर इतकं अरुंद, की काकू भाकरी थापत असल्या की तुम्ही ओट्याच्या टोकाला अंग चोरून कांदा चिरायचात. मुलगा पाणी घ्यायला येतो. तुम्ही विचारता, "झाला का रे अभ्यास?" तो म्हणतो, "ऑलमोस्ट, बाबा." तुम्ही आणखी काहीतरी विचारता, तो इंग्रजीतच उत्तर देऊन निघून जातो. तुम्ही कांदा चिरत राहता. "हा माझ्याशी मराठीत शेवटचं कधी भांडला, आठवत नाही," असं म्हणालात. काकू म्हणाल्या, "भाकरी गार होतेय, बसा दोघं."

नोकरी संपली तसा व्हिसाही संपला आणि तुम्ही नाशिकला गेलात. घराला रंग द्यायचा होता, मागे पेरू लावायचा होता. पहिलाच हिवाळा तुम्ही पुरा बघितला नाहीत. मी इथं प्लांटच्या शटडाउनच्या दुरुस्तीवर होतो. मला कळलं तोवर दिवसकार्यही उरकलं होतं. मुलगा कॅनडात स्थिरावला. काकू त्या घरात एकट्या असतात.

संध्याकाळी त्यांना फोन केला. लाइन काढल्याचं सांगावं की नाही कळेना, पण सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढली का. त्यांचं तिकडं काहीतरी चालू आहे, असं मनात असायचं रे. बरं वाटायचं." आणि विचारलं, "थोडीशी ठेवलीस का?"

"हो, ठेवलीय की. सुट्टीवर येताना घेऊन येतो."

सर, ठेवलेली नाही. सगळी केबल दुपारीच भंगाराच्या ट्रकवर चढली, मी तिथंच उभा होतो, आणि एक तुकडा मागून घ्यावा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आता स्टोअरमधल्या दुसऱ्या कुठल्यातरी केबलचा हातभर तुकडा कापून नेईन. काकूंना फरक कळणार नाही. तुम्हाला कळला असता, म्हणून हे लिहिलं.