अ‍ॅडजस्ट कर की

ती. अक्कास पूर्णिमाचा नमस्कार.

"पूर्णे, अ‍ॅडजस्ट कर की गं जरा." पाठवणीच्या गाडीत बसवताना तू माझ्या कानात म्हणालीस, त्याला बावीस वर्षं झाली. (गुडघ्याचं मुद्दामच विचारत नाही. तू "बरा हाय" म्हणणार आणि बोलणं म्हशीवर नेणार.)

तुला येणारा इंग्रजी शब्द तो एवढाच, आणि मी तो इमानानं पाळला. शिलाईवाल्या मेहरुन्निसाभाभींनी निळ्या साडीवर हिरवा ब्लाउज शिवला. रात्री निळाच दिसतो म्हणाल्या, तेव्हापासून मी संध्याकाळचीच लग्नं गाठते. गॅरेजवाल्या खिजरभाईंनी स्कूटरचा ब्रेक अ‍ॅडजस्ट करून दिला आणि वर सांगितलं, "थांबायचंय तिथनं जरा आधीच दाबा, वहिनी." घरातलं तर लिहीतच नाही. तुला ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात तेजस्वीला कॉलेजात एका इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि मूळ लिहून न्यायचं होतं. मी हेच सुचवलं. "आई, ते मराठी हाय," म्हणाली. शेवटी दोघी शब्दकोश घेऊन बसलो. जुळवून घेणे, बेताचं करणे, नीट बसवणे. सोसणे कुठंच नाही. (मी दोनदा बघितलं.) खाली बारीक अक्षरात मूळ होतं: लॅटिनमध्ये, जवळ आणणे, शेजारी ठेवणे.

अक्का, मला चंदगडची एसटी आठवली. तिघांच्या बाकावर आपण चौघं, खिडकीतनं पाऊस आत, मी सहा वर्षांची. "अ‍ॅडजस्ट कर," म्हणून तू मला ओढून पदराखाली घेतलंस. म्हणजे तुला खरा अर्थ तेव्हाच माहीत होता. पाठवणीच्या दिवशी तू यातला कुठला म्हणालीस, हे मी कधी विचारलंच नाही. मीच आपला सोसायचा धरून बसले.

तुझी,
पूर्णी

ता. क. तेजस्वीनं ती एसटीची गोष्टच लिहून नेली. दहापैकी सहा मिळाले. सरांनी शेरा मारलाय, "लॅटिन कमी, मावशी जास्त."

आणखी ता. क. तू गोठ्यात पडलीस आणि तीन दिवस कुणाला बोलली नाहीस, हे शेजारच्या पिराजीदादांनी फोनवर सांगितलं. गुडघ्याचं ऑपरेशन इथं करू, आणि मग इथंच राहा. म्हैस ते सांभाळतो म्हणालेत. दुसऱ्याच्या हाताला ती दूध देत न्हाय, हे तुझं उत्तर मला पाठ आहे. तरी लिहिते. पुढच्या खोलीतली कॉट त्या एसटीच्या बाकाएवढीच आहे. मी भिंतीकडं सरकून झोपेन. या खेपेला तू अ‍ॅडजस्ट कर की गं.