खिळा नसलेलं बाकडं

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दशः घ्यावा, नुकतीच मी एका बाकड्याखाली दिवसभर आडवी होते.) तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे? खिळे-स्क्रूंचं दुकान बरं चाललं असेलच. माझ्या पदवीच्या जेवणात मी "लाकडात लोखंड ठोकणं ही हिंसा आहे" म्हणाले, ते तुम्हाला उद्देशून नव्हतं.

तर मला पहिलं काम मिळालं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पेशंटना बसायला बाकडं. ते टिकलं तर पुढचं सगळं फर्निचर माझ्याकडे, असं ठरलं. बाबांनी (तीस वर्षांची सुतारकी) आराखडा बघून एवढंच विचारलं, "आणि खिळा?" मी समजावलं की जुने कारागीर एका लाकडात खाच पाडत, दुसऱ्याला त्यात बसणारं कुसू काढत आणि लाकडाचीच पाचर मारून सांधा आवळत, आपण तेच आजच्या सडपातळ घाटात करायचं. बाबा म्हणाले, "जुने कारागीर म्हणजे माझे आजोबा. त्यांना खिळा मिळाला की ते खिळाच मारायचे." (हे मी प्रबंधात घेतलं नव्हतं.)

बाकडं देखणं झालं. सांधा प्रामाणिकपणे दिसला पाहिजे, असं आम्हाला कॉलेजात शिकवलंय, म्हणून पाचरीचं लिंबाएवढं डोकं मी बाहेर ठेवलं, नेमकं बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी. आता मामा, आत मशीन घर्रर्र करत असताना बाहेर बसलेल्या माणसाचा उजवा हात काय करतो, हे कुठल्याच पुस्तकात नाही. तो पाचर चाळवतो. सोमवारी एक निवृत्त मास्तर, एक पोलीस आणि एक कवळीवाल्या आजी एकदमच जमिनीवर आले. लागलं कुणाला नाही. मास्तरांचा हलणारा दात तिथेच पडला, ते खुशीत घरी गेले. डॉक्टरीणबाई खुशीत नव्हत्या. "पुन्हा पडलं तर घेऊन जायचं," म्हणाल्या.

रविवारी डॉक्टरीणबाईंनी बंद दवाखाना उघडून दिला, तेव्हा मी पाचर बाकड्याच्या पोटाखाली वळवली. बाबा सोबत आले होते, पण त्यांना मी हात लावू दिला नाही. ते खाली वाकून भुसा झाडत राहिले. आज दहा दिवस झाले, बाकडं ढिम्म हललेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आणखी तीन सांगितली आहेत. परंपरेवर विश्वास ठेवला की ती माणसाला सांभाळते, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं.

तुमची भाची

ता.क. पत्र पाकिटात घालायच्या आधी बाकडं बघून आले, तर खाली दोन स्क्रू दिसले. दोघांच्या डोक्यावरच्या खाचा एका रेषेत. असे स्क्रू बसवणारा माणूस आपल्या घरात एकच आहे. मी डॉक्टरीणबाईंना सांध्यांचा इतिहास सांगत होते, तेव्हाच बसवले असणार.

ता.ता.क. मला कळलंय, हे बाबांना सांगू नका. दोन इंची सहा स्क्रू पाठवा. पार्सलवर 'पुस्तकं' असं लिहा. माझी पुस्तकं बाबा उघडत नाहीत. हात धुऊन माझ्या टेबलावर ठेवतात.